चादरीचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी

नकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे बाजूला टाकणार, मला ठाऊक आहे. टाक. फक्त कचऱ्यात टाकू नकोस, फ्रिजवर ठेव, विजेची बिलं ठेवतेस तिथे. बिल भरायला काढशील तेव्हा हेही हातात येईल, आणि तोवर तुझा राग जरा निवलेला असेल. तुला मी तू रांगत होतीस तेव्हापासून ओळखते.

फोन का नाही केला, म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. आणि दुसरं म्हणजे मी आता फोनला हातच लावत नाही. दुकानातला फोन वाजतो, वाजू देते. गिऱ्हाइकं चिडतात, इथे येऊन भांडतात, मग समोरासमोर सगळं बोलून होतं. फोनवर 'हो' म्हणायची मला भीती बसली आहे. हसू नकोस.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते. मी तक्रार दाखल केली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तक्रार आमचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीवर आहे, पण कागदावर तुझ्या बोक्याचं नाव आहे, कारण तिथला आमचा सल्लागार तोच. त्याचं पूर्ण नाव लिहावं लागलं. आपण दोघींनी भांडून भांडून ठेवलेलं नाव गं ते. त्याच्यापुढे 'यांच्या विरुद्ध' असं लिहिलं मी.

तू म्हणालीस, "माझ्या पोराला चोर म्हणतेस? आजपासून तुला बहीण नाही असं समज." मी चोर म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, पैसे कुठे गेले ते विचार त्याला. तू विचारलंस का? असो.

तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही, म्हणून लिहिते. ह्यांना जिने चढवेनात म्हणून आम्ही राहतं घर विकलं आणि लाँड्रीच्या मागच्या खोलीत आलो. घराचे सगळे पैसे मुदत ठेवीत ठेवले. ही लाँड्रीची जागा विकत घ्यायची, एवढंच ह्यांच्या मनात होतं. मालकाने शब्द दिला होता, दुसऱ्याला देणार नाही. मग हे गेले. आणि मालक म्हणाला, "वहिनी, आता घेऊन टाका, माझी मुलं माझ्यामागे लागली आहेत." मी बोक्याला सांगितलं, पैसे काढ. तर म्हणाला, "मावशी, तू फोनवर 'हो' म्हणाली होतीस ना." ठेव कधीच मोडलेली होती. सगळे पैसे कुठल्याशा चढउताराच्या योजनेत गेले होते. विकले, घेतले, परत विकले, आणि दर वेळेला कंपनीला दलाली. चौथा हिस्सासुद्धा उरला नव्हता.

बरं झालं ह्यांना कळलं नाही.

आता ते पैसे परत मिळाले तर ही जागा माझी. नाही मिळाले तर या वयात मशीन, इस्त्र्या, निळीचे डबे घेऊन मी कुठे जाऊ, तूच सांग. मी माझ्या हौसेने भाच्याला कोर्टात ओढत नाहीये.

— ताई


२१ फेब्रुवारी

नकटे,

काल दुपारी परत तेच स्वप्न पडलं. हल्ली मी जेवण झालं की इस्त्रीच्या रोलरजवळच्या खुर्चीत बसते, आणि बसले की संपलंच. वाफ असते, ऊब असते, मशीन एका लयीत घरघरत असतं. त्यात डोळे कधी मिटतात, कळत नाही.

स्वप्नात आपली गल्ली आहे आणि गल्लीभर चादरी वाळत घातल्या आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आणि तू त्यांच्यामधून चाललोय. तू मला दिसत नाहीस, फक्त पाय दिसतात, तेही तुझे लहानपणचे, एका पायात चप्पल आणि दुसरा उघडा. मी हाक मारते. तू म्हणतेस, "अगं इथेच आहे." आणि चादरी काही संपत नाहीत. भीती वाटत नाही, बरं का. उलट जागी झाले की वाईट वाटतं.

डबलबेडच्या चादरींची मला पंचाईत झाली आहे. एकटीने घडी होत नाही. दोन कोपरे भिंतीतल्या खिळ्याला अडकवते आणि लांबून ओढून धरते. घडी बसते, पण खिळा काही माझ्याकडे चालत येत नाही. तू कशी यायचीस, कोपरे जुळवत, नाकाला नाक लागेपर्यंत, आणि माझ्या बोटांतून तुझ्या बोटांत घेताना एकदा तरी चिमटा काढायचीस. साठी ओलांडलेली बाई, आणि चिमटे काढते!

बोक्याचं नाव आपण बोका ठेवलं ते इथेच, आठवतं? सुट्टीत तू त्याला घेऊन यायचीस आणि हा नाहीसा व्हायचा. शोधून शोधून जीव जायचा, आणि हा खिडकीखालच्या गरम चादरींच्या गठ्ठ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलेला. हे म्हणायचे, "उठवू नका त्याला. गिऱ्हाइकाला सांगा, मशीन बिघडलंय." एका पोरापायी आम्ही गिऱ्हाइकांशी खोटं बोललो आहोत.

मग तो मोठा झाला, शिकला, या इथल्याच कंपनीत लागला. कोट, बॅग, चकचकीत बूट. तरी शनिवारी दुपारी यायचा, कोट खिळ्याला अडकवायचा, आणि एवढा दाढीमिशीचा बाप्या त्याच गठ्ठ्यावर आडवा व्हायचा. जाग आली की बॅगेतून कागद काढायचा. "मावशी, इथे सही. काका, इथे." आम्ही वाचत नव्हतो. जो आमच्याकडे इतका निर्धास्त झोपतो, त्याचे कागद काय वाचायचे? वकीलबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, हे कारण मी तक्रारीत कसं लिहू?"

तुला माझ्या वकीलबाई आवडतील. पोरगेलीच आहे, तुझ्यासारखंच नकटं नाक, सारखं शिंकते. टायरच्या दुकानावर ऑफिस आहे. फी कमी घेते, बदल्यात तिचे काळे कोट मी धुते.

त्या कागदांत एक फॉर्म निघाला. त्यात लिहिलं होतं की मला शेअरबाजाराचा दांडगा अनुभव आहे आणि धोका पत्करायची माझी भरपूर तयारी आहे. मी! जी झुरळ दिसलं की टेबलावर चढते! मी हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही.

कंपनीचं उत्तर आलंय. त्यांचं म्हणणं, सही एक वेळ सोडा, पण ठेव मोडण्याआधी आमच्या सल्लागाराने बाईंना फोन करून विचारलं होतं. फोन ध्वनिमुद्रित आहे. त्यातलं बोलणं त्यांनी टाइप करून पाठवलंय. सल्लागार: ठेव मोडून सगळं नव्या योजनेत टाकतो, चालेल ना? गुंतवणूकदार: हो, हो.

'हो'च्या आधी आणि पुढे लिहिलंय, 'अस्पष्ट'.

— ताई


१६ मार्च

नकटे,

हे पत्र बसून वाच. आणि एकटी असताना वाच.

तू मला दुकानात काम करताना पाहिलं आहेस. फोन आला की मी काय करते? रिसीव्हर खांद्यात आणि कानात दाबते आणि हात चालूच. मशीन थांबवत नाही, रोलर थांबवत नाही. फोनवरच्याशी बोलता बोलता काउंटरवरच्याशी बोलते, ह्यांच्याशी बोलते. सगळं आयुष्य असंच केलं. कधी कुणाचा शर्ट हरवला नाही, कधी घोटाळा झाला नाही. फोनवरच्या गिऱ्हाइकांनाही सवय होती, ती दोनदा विचारायची. बोका तर या आवाजातच लहानाचा मोठा झाला. त्याला माहीत होतं की मावशीला विचारायचं तर दोनदा विचारावं लागतं.

त्या फोनमध्ये त्याने एकदाच विचारलं.

मी वकीलबाईंना म्हटलं, मला टाइप केलेलं नको, मला तो फोन ऐकायचाय. कंपनीने खूप आढेवेढे घेतले. शेवटी दिलं. नुसता तो एक नाही, वर्षभराचे सगळे. वकीलबाईंनी माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, बटण दाबलं आणि स्वतः शिंकायला बाहेर गेल्या.

आणि अगं, आमची लाँड्री सुरू झाली.

तसंच्या तसं. आधी मशीनची घरघर, मग वाफेचा फुस्स आवाज, आणि मग मागे कुठेतरी, रोलरच्या पलीकडे, ह्यांची शीळ. तीच ती, अर्धीच, दर वेळेला एकाच ठिकाणी येऊन अडकणारी. चाळीस वर्षं मी त्या शिळेला कावले. "अहो, एकदा पुरी तरी करा नाहीतर बंद तरी करा." आता मी डोळे मिटून बसले होते आणि मनात म्हणत होते, करू नका पुरी, चालू दे, चालू दे. बोका काय बोलतोय तिकडे माझं लक्षच नव्हतं. म्हणजे बघ, दुसऱ्यांदाही माझं लक्ष नव्हतं.

वकीलबाई आत आल्या तेव्हा माझे गाल ओले. त्यांना वाटलं, पैशांसाठी. बिचारीने पाणी आणून दिलं.

मी सगळे फोन ऐकले. रोज जात होते, कोट पोचवायच्या निमित्ताने. ह्यांचा खोकला ऐकला. "चहा टाक गं" ऐकलं. एकदा हे कुणाला तरी म्हणाले, "तिला नका विचारू, ती रागावेल, मला विचारा." बघ, माझ्या पाठीमागे हे धंदे चालायचे.

आणि मग तो फोन आला, ठेव मोडायचा. तू इथे आली होतीस तो आठवडा. बोका म्हणतो, "मावशी, ठेव मोडून सगळं नव्या योजनेत टाकतो, चालेल ना?" आणि त्याच वेळी अगदी माझ्याजवळ एक बाई विचारते, "ताई, हॉस्पिटलचा गठ्ठापण आत्ताच करायचा का?" मी म्हणते, "हो, हो. हॉस्पिटलचापण. धर ते टोक."

ते 'अस्पष्ट' म्हणजे तू आहेस, नकटे. मशीनच्या आवाजात त्यातला, माझ्या 'हो'च्या पुढचाही, दुसऱ्या कुणाला एक शब्द कळायचा नाही. मला कळला. माझा 'हो' तुला होता.

इथेच थांबणार होते. पण लिहिते, नाहीतर मला ते पचायचं नाही. माझ्या 'हो'नंतर बोका थांबला. लगेच नाही बोलला. मशीन दोनदा गरगरलं, तोवर तो गप्प होता. आईचा आवाज कुठल्या लेकराला कळत नाही? त्याला कळलं होतं मी कुणाला 'हो' म्हणाले ते. "मावशी, मी काय विचारलं ते ऐकलंस का?" एवढं म्हणायला त्याला वेळ होता. मग हळूच म्हणाला, "बरं, मावशी."

त्यानंतरही तो शनिवारी यायचा. पण झोपायचा नाही. काउंटरच्या स्टुलावर टेकायचा आणि घड्याळ बघायचा. मी ह्यांना म्हणायचे, मोठा झाला हो आपला बोका.

वकीलबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, "मागे कोण बाई बोलतेय?" मी म्हटलं, "लक्षात नाही."

— ताई


४ एप्रिल

नकटे,

काल सुनावणी झाली. लांबट खोली, पडदे मळके, पाणी प्यायला काचेचे ग्लास आणि समोर निकाल देणारे तिघं जण. मधल्याला टक्कल. डावीकडच्याच्या शर्टाला घरची इस्त्री, तीही घाईची. उजवीकडे एक बाई, तिच्या कॉलरला खळ इतकी झाली होती की तिला मान वळवता येत नव्हती. मला सारखं वाटत होतं, हिला म्हणावं, अगं माझ्याकडे टाकत जा.

खिडकीतून ऊन येत होतं आणि मला पेंग येत होती. खोटं नाही सांगत. माझ्या आयुष्याचा निकाल लागतोय आणि माझे डोळे मिटतायत. त्यांचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. ठेव. जोखीम. संमती. मग त्यांनी तो फोन लावला आणि खोलीत ह्यांची शीळ वाजली. मी ताडकन जागी झाले.

खळवाल्या बाईने विचारलं, "मागे एक आवाज येतोय. कुणीतरी काहीतरी विचारतंय. कोण आहे ती?"

वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. बोका समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही. कोट त्याच्या अंगावर लोंबत होता, नकटे, खांदे कुठे गेले त्याचे?

मी म्हटलं, "गिऱ्हाईक असेल."

कंपनीचा वकील खूश झाला. म्हणाला, गिऱ्हाईक असेल, नाहीतर रेडिओ असेल, आवाजाला काय, 'हो' तर स्वच्छ ऐकू येतंय. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मला फैलावर घेतलं. "आजी, तुम्हाला जिंकायचंय की नाही? तुम्हाला माहितीये ती कोण आहे!" मी म्हटलं, माहीत आहे, पण ती मला बहीण मानत नाही, आणि मुलगा तिचा आहे. वकीलबाईंनी रुमाल काढला. मग शिंकल्या.

कंपनी आता म्हणते, आम्ही थोडे पैसे देतो, तुम्ही लिहून द्या की कुणाची काही चूक नव्हती. त्या पैशांत जागा सोड, मशीनची दुरुस्तीसुद्धा होणार नाही. मालक रोज एक गिऱ्हाईक घेऊन येतो. काल आलेल्याने फुटपट्टीने रोलर ठेवलाय ती भिंत मोजली. म्हणाला, "हे सगळं काढावं लागेल." माझ्या देखत!

मी तुला यायला सांगत नाहीये. परत वाच, सांगत नाहीये. आपल्या पोराविरुद्ध उभी राहा असं कुठल्या तोंडाने सांगू? मी असते तर आले असते का? मला नाही माहीत. रात्रभर, नाही, दिवसभर, मी तोच विचार करते आणि चादरी करपवते.

पुढची सुनावणी सहा मेला आहे, सकाळी. पोस्टाच्या मागची पिवळी इमारत, दुसरा मजला. लिफ्ट बंद आहे. हे आपलं उगाच, माहिती म्हणून लिहिलं.

— ताई


२७ एप्रिल

तू पत्रं वाचतेस की नाही? निदान रागाचं एक पत्र लिही. शिव्या घाल. 'ताई, तू मेलीस मला' असं लिही, तेवढंच तुझं अक्षर बघायला मिळेल.

आज परत ते स्वप्न पडलं. या वेळी चादरींमध्ये पाय नव्हते.


८ मे

नकटे,

दोन दिवस झाले, अजून माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं मी पेंगले होते आणि ते सगळं त्या खोलीतल्या उन्हात बघितलं. म्हणून लिहून काढते. चुकलं असेल तर कळव.

टकल्या साहेब म्हणाले, "आणखी कुणाला काही सांगायचं आहे?" आणि दार उघडलं. तू जिने चढून आली होतीस, धापा टाकत होतीस, हातात ती चेन तुटलेली पर्स. मी आधी तुझे पाय पाहिले. दोन्ही पायांत चपला होत्या.

तू कुणाला नमस्कार केला नाहीस. म्हणालीस, "तो फोन लावा." इतक्या जोरात, की त्यांनी लावलाच. तू उभ्यानेच ऐकलंस. शीळ आली तेव्हा तुझा हात तोंडाशी गेला. तुझे लाडके भावोजी ते. मग तो प्रश्न आला, मग तो आवाज, आणि तू म्हणालीस, "हा माझा आवाज. मी हॉस्पिटलच्या चादरींचं विचारत होते. हिने मला 'हो' म्हटलं. फोनवरच्याला ही काही म्हणालेलीच नाही."

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही या बाईंच्या कोण?"

मी मान खाली घातली. मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं.

तू म्हणालीस, "धाकटी बहीण. आणि तो तिकडे बसलाय ना, त्याची आई." खळवाल्या बाईने हळूच विचारलं, तुमच्या मुलाला तेव्हा तुमचा आवाज ओळखू आला असेल का? तू बोक्याकडे पाहिलंस. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. तू त्याला म्हणालीस, "सांग." रागाने नाही, लहानपणी तोंडातलं काय ते दाखव म्हणायचीस तशी.

तो म्हणाला, "आला होता. आई होती ते मला कळलं होतं." आणि रडायला लागला. त्याला त्या महिन्यात कंपनीकडे आकडा दाखवायचा होता, नाहीतर नोकरी जात होती, असलं काहीतरी तो सांगत होता. कंपनीचा वकील त्याची बाही ओढत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू मात्र माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

तू निघालीस तशी मी तुझ्या मागे धावले. लिफ्ट बंद, माझे गुडघे असले. तू खालच्या पायरीवर होतीस. मी वरून ओरडले, "नकटे!" तू थांबलीस, वर न बघता म्हणालीस, "घरी असतो, दिवसरात्र नुसता जागा असतो. वर्ष झालं, तो झोपत नाही गं ताई." आणि निघून गेलीस.

'गं ताई' म्हणालीस. ते मी ऐकलं. या वेळी माझं लक्ष होतं.

— ताई


२ जुलै

प्रिय नकटे,

निकाल आला. कंपनीने पैसे परत द्यायचे. सगळे नाहीत, थोडी कापाकापी केली आहे, पण जागेपुरते आहेत. माळा नाही घेता आला, तो मालकाने ठेवून घेतला, त्याच्या जुन्या सायकली आहेत तिथे. खालची लाँड्री मात्र माझी. कागदावर सही करायच्या आधी मी अक्षर न् अक्षर वाचलं. मालक जांभया देत बसला होता. देऊ दे. वकीलबाईंचे कोट जन्मभर फुकट धुणार आहे, तसं लिहून दिलंय.

बोक्याला आता कुणाचे पैसे गुंतवता येणार नाहीत, हेही निकालात आहे. ते वाचून मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही, खरं सांगते. मला अजून राग आहे. सकाळी दात घासताना येतो, भाजी चिरताना येतो. माझा नवरा ज्या जागेसाठी झुरला ती जागा जाता जाता वाचली. 'बरं, मावशी' हे दोन शब्द मी त्याला कधी माफ करेन असं वाटत नाही.

पण तो झोपत नाही, हे काही मला सहन होत नाही.

त्याला घेऊन ये. शनिवारी ये, शनिवारी हॉस्पिटलचं धुणं असतं आणि दुपारपर्यंत खिडकीखाली मोठा गठ्ठा साठतो. पैशांच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला असेल, सांगून ठेव त्याला. मी त्याच्याशी बोलेन की नाही माहीत नाही. बहुतेक तोंड फिरवूनच बसेन. पण त्याला म्हणावं, कोट खिळ्याला अडकव आणि आडवा हो. कुणी उठवणार नाही. गिऱ्हाईक आलं तर सांगेन, मशीन बिघडलंय.

आणि तो झोपला की आपण आपलं काम करू. डबलबेडच्या चादरी मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, महिनाभराच्या साठल्या आहेत. तू नुसतं टोक धर, तुला बोलावं लागणार नाही. चिमटा काढायचा तर काढ.

तुझी,
ताई

ता. क. यायचं ठरलं की फोन कर. मी उचलेन.